सशाच्या पिंजऱ्यात काय अंथरावं, कुरतडायला काय द्यावं?

पत्र: सप्रेम नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. मुलीच्या हट्टापायी चार महिन्यांपूर्वी दोन ससे आणले. दोन्ही माद्या आहेत असं दुकानदार म्हणाला. पिंजरा लोखंडी जाळीचा आहे, खाली वखारीतला लाकडाचा भुसा टाकतो. पंधरा दिवसांपासून एक सारखी शिंकते, तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. दुसरीच्या मागच्या पायांच्या तळव्याचे केस गेलेत. रात्रभर दोघी जाळी कुरतडतात, घरात कुणाला झोप नाही. दुकानदाराने रंगीत लाकडी खेळणी आणि खनिजाची वीट दिली, तिकडे त्या ढुंकून बघत नाहीत. सासूबाई म्हणतात जुनी वाकळ अंथरा. दीर तासगावला असतात, ते द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या आणून देतो म्हणतात. मुलगी उसाची कांडी देते. खायला गाजर, कोथिंबीर, कोबीचा पाला आणि कधी चपाती. नेमकं काय आणू, किती आणू, कुठून आणू?

उत्तर:

नमस्कार ताई,

आधी वखारीतला भुसा आजच्या आज काढून टाका. बाकीचं दोन दिवसांनी केलंत तरी चालेल.

वखारीत एकाच लाकडाचा भुसा कधी नसतो. सागवान, बाभूळ, निलगिरी, पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन आणि प्लायवुडचा चुरा, सगळं एकाच ढिगात पडतं. सागवानाच्या धुळीने सुतारांनाही खाज सुटते, शिंका येतात. प्लायच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं. कच्च्या पाइन-देवदाराचा जो वास आपल्याला छान वाटतो, तो त्यातून उडणाऱ्या तेलांचा आणि फिनॉलचा. ती द्रव्यं श्वासनलिकेला झोंबतात आणि यकृताच्या कामातही फेरफार करतात. भट्टीत वाळवून धूळ काढलेला पाकिटातला भुसा त्यामानाने बरा, पण त्यावर खर्च करायची तुम्हाला गरज नाही. कोंबडीवाल्यांकडे भाताचं तूस स्वस्तात मिळतं, तेही आणू नका. ते लघवी शोषत नाही, टोकं टोचतात आणि धूळ भुशाइतकीच.

ससा श्वास जवळजवळ नाकानेच घेतो आणि ते नाक अंथरुणापासून दोन बोटांवर असतं. भुसा वरून कोरडा दिसला तरी लघवी खाली मुरलेली असते आणि तिथून अमोनिया वर येत राहतो. सकाळी खिडक्या उघडण्याआधी पिंजऱ्याशी वाकून सशाच्या उंचीवर नाक न्या. तुमच्या डोळ्यांना चुरचुरलं, तर तीच हवा त्या रात्रभर घेत आहेत असं समजा. नाकाचं आतलं अस्तर असं सोललेलं राहिलं की पाश्चुरेलासारख्या जंतूंना वाट मिळते आणि साध्या शिंकांचा जुनाट आजार होतो.

आता काय अंथरायचं. वाळलेलं गवत. ससा अंथरूण आणि जेवण यांत फरक करत नाही. पायाखाली जे असेल ते तो चघळून बघणारच. म्हणून पिंजऱ्यात काही ठेवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हे सगळं खाल्लं तर काय होईल? गवत या परीक्षेत सहज पास होतं आणि बाजारातल्या बहुतेक वस्तू नापास होतात.

साताऱ्या-सांगलीत गवताला तोटा नाही, पण निवडून घ्यावं लागतं. डोंगरी गवतात पवना आणि मारवेल चांगलं. कुसळी गवत बी धरल्यानंतर कापलेलं असेल तर पेंढी परत करा. माण-खटावकडच्या माळावरच्या गवतात हे हमखास येतं. ते कुसळ सशाच्या हिरडीत, डोळ्यात नाहीतर पायाच्या बोटांमध्ये घुसतं आणि आत सरकत जातं. पेंढी सोडून मधून मूठभर गवत काढा आणि उलट्या दिशेने हात फिरवा. बोटाला टोचलं की कळलंच. त्यात गाजर गवताची वाळकी फुलं-पानं आहेत का तेही बघा. मग हीच मूठ उन्हात काळ्या कापडावर झटका. थोडी माती पडणारच, पण करडी-पांढरी भुकटी उडाली आणि कुबट वास आला तर ती बुरशी. वरचं झटकून उरलेलं वापरू, असं करू नका, बुरशी आतपर्यंत गेलेली असते.

भाताचा पेंढा पाटण, जावळी, शिराळा भागातून सहज मिळतो. अंथरायला तो ठीक आहे, मऊ पडतो. पण खाण्याचं गवत म्हणून त्याच्यावर विसंबू नका, पोषण फारच कमी. गव्हाचं काड चालेल, मळणी यंत्रातून निघालेलं भुसकट नको. ज्वारीचा कडबा जाड आणि टोकदार असतो. कोवळ्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या हिरव्या ज्वारीने जनावरांना किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको, ती सशाच्या जवळही आणायची नाही. उसाचं पाचट फुकट मिळतं म्हणून कुणी सुचवेल. त्याच्या कडा पात्यासारख्या कापतात. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. मक्याची बुरकुंडं, म्हणजे दाणे काढलेली कणसं, आणि त्यांचा चुरा तर अजिबात नको, गिळलेला तुकडा आतड्यात अडकतो. दुकानात मांजराची वाळू सशाला चालते म्हणून देतील. ओलं झाल्यावर गोळा होणारी ती माती पोटातही तशीच गोळा होते.

दोन मोठ्या सशांना खाणं आणि सांडणं धरून रोज साधारण पाव किलो गवत लागतं. अंथरायचं वेगळं. म्हणजे महिन्याला आठ-दहा किलो खाण्याचं गवत आणि तेवढाच पेंढा धरून चाला. दिवाळीच्या सुमारास, नव्या कापणीचं गवत आलं की निदान चार महिन्यांचं घेऊन ठेवलेलं परवडतं. साठवताना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत घाम धरून बुरशी येते. गोणपाटात भरून भिंतीपासून वीतभर लांब, फळीवर ठेवा.

मांडणी अशी करा. दीड फूट बाय दोन फुटांचा, चार-पाच इंच काठाचा प्लास्टिकचा ट्रे घ्या. ससा त्यात पूर्ण मावून वळला पाहिजे. तळाला वर्तमानपत्राचे सहा-सात पदर घाला. गुळगुळीत रंगीत पुरवण्या वगळा. खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत असं अन्नसुरक्षा प्राधिकरण माणसांना सांगतं, ते मुख्यतः शाईमुळे. म्हणून कागद खालीच राहायला हवा. सशांनी तो उकरून खायला सुरुवात केली तर काढून टाका आणि नुसता पेंढा वापरा. कागदावर दोन-तीन इंच पेंढा. ट्रेच्या एका टोकाला, तोंडाच्या उंचीवर, खाण्याच्या गवताची जुडी बांधा. ससे खाता खाताच लेंड्या टाकतात, त्यामुळे ट्रेमध्ये बसून खाल्लं की निम्मी स्वच्छता आपोआप होते. पहिल्या दिवशी जुन्या अंथरुणातलं लघवीने भिजलेलं चिमूटभर काहीतरी नव्या ट्रेच्या कोपऱ्यात ठेवा, म्हणजे जागा ओळखतील. ओला भाग रोज काढायचा, पूर्ण ट्रे दोन दिवसांनी. पावसाळ्यात रोज.

पावसाळ्याचं कारण माशी. लघवीने भिजलेल्या शेपटीखालच्या केसांत माशी अंडी घालते, एका दिवसात अळ्या निघतात आणि कातडी पोखरायला लागतात. जून ते सप्टेंबर रोज एकदा दोघींना उचलून मागची बाजू बघायची. उन्हाळ्यात उलट करा. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, सशाला घाम येत नाही आणि तिशीच्या वर त्याला त्रास सुरू होतो. तेव्हा जाड अंथरूण अर्ध्याच भागात ठेवा, उरलेल्या अर्ध्यात शहाबादी फरशीचा तुकडा टाका आणि बर्फ केलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी द्या.

ट्रे धुताना फिनेल वापरू नका, डेटॉलही नको. ट्रेला पांढरा थर बसतो तो लघवीतल्या कॅल्शियमचा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घालून अर्धा तास ठेवलं की सुटतो. मग साध्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. लघवी कधी नारिंगी-लालसर दिसली तर लगेच घाबरू नका, पाल्यातल्या रंगाने तसं होतं. रक्ताची गुठळी दिसली किंवा कुंथत असेल तर मात्र डॉक्टर.

तळव्याचे केस गेलेत त्याचं मूळ जाळीत आहे. कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या सशाच्या पायाला नसतात, नुसते केस असतात. उघड्या तारेवर सगळं वजन एका रेषेत येतं, केस घासतात, मग कातडी. जाळीच्या किमान दोन-तृतीयांश भागावर सपाट तळ हवा. आठवडी बाजारात शिंदीच्या पानांची चटई मिळाली तर उत्तम, खाल्ली तरी बिघडत नाही. नाहीतर छपाई नसलेला जाड पुठ्ठा, वर दोन-तीन इंच पेंढा. प्लास्टिकची चटई आणि प्लायचा तुकडा नको. तळवा नुसता गुलाबी असेल तर महिन्या-दीड महिन्यात केस भरतात. लाल, सुजलेला, खपली धरलेला असेल तर वाट बघू नका, ते हाडापर्यंत जाऊ शकतं.

सासूबाईंचा जीव तुटतो हे कळतं, पण वाकळ नको. तिच्यात जुन्या साड्यांचे थर आणि हातभर लांब दोरे असतात. ससा दोरा ओढत ओढत गिळतो आणि त्याला उलटी करता येत नाही. आत गेलेला दोरा आतड्याला गोळा करून टाकतो. पेटीत डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलेली लोकर तर त्याहून वाईट. थंडीची काळजी असेल तर सासूबाईंना सांगा, आपल्याकडची डिसेंबरची थंडी सशाला सोसते. त्याला ओल आणि वाऱ्याचा झोत सोसत नाही. पिंजऱ्याची एक बाजू झाका आणि पेंढा मूठभर वाढवा.

एक आडवी गोष्ट. लहान वयात ससे नर की मादी हे दुकानात बऱ्याचदा चुकतं. दोघींपैकी एखादी तोंडात गवत गोळा करून कोपऱ्यात रचायला आणि छातीचे केस उपटायला लागली, तर ती पिल्लांची तयारी असू शकते. सशिणीचे दिवस महिनाभराचेच असतात. तेव्हा अंथरूण बदलू नका, आणि डॉक्टरांकडून दोघींची खात्री आधीच करून घेतलेली बरी.

आता कुरतडणं. सशाला एकूण 28 दात आणि सगळे जन्मभर वाढतात. पुढचे आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. खेळणी दात झिजवतात असं दुकानदार सांगतो. लाकडाने फार तर पुढचे दात झिजतात. मागच्या दाढा झिजतात त्या जबडा आडवा घासत गवत दळताना, कारण गवतातच वाळूसारखी बारीक सिलिका असते. गाजर, कोबी आणि चपाती दळावी लागत नाही. दाढांना काम मिळालं नाही की त्यांच्या धारा जिभेला-गालाला टोचतात आणि मुळं उलटी वर सरकून अश्रूनलिका दाबतात. तुमच्या सशिणीच्या डोळ्यांतलं पाणी भुशाचं असेल किंवा या दाढांचं, म्हणून तोंड आतून तपासून घ्या. चपाती आजपासून बंद. गवताची सवय नसेल तर आठ-दहा दिवसांत गवत वाढवत आणि गाजर-कोबी कमी करत जा. जेवणाचा चार-पंचमांश भाग गवतच असायला हवा.

जाळी कुरतडतात ती कंटाळून. ससा पहाटे आणि संध्याकाळी सगळ्यात चपळ असतो, त्या वेळी त्याला बंद ठेवलं की तो दाराशीच झगडणार. तारेवर दात वाकडे होतात, कधी तुटतात, आणि जाळीचं जस्त-रंग पोटात जातो. संध्याकाळी दोन-तीन तास खोलीत सोडा, वायरी उचलून ठेवा. झोपताना गवताची ताजी जुडी आणि खालीलपैकी एक-दोन वस्तू आत टाका. रात्रीचा आवाज बराच कमी होईल.

आपल्या भागात सगळ्यात चांगली काडी तुतीची. रेशीम कोष काढणाऱ्या शेतकऱ्याला शोधा. किडे मरतात म्हणून तो तुतीवर कीटकनाशक सहसा टाळतो, तरी विचारून घ्या, आणि छाटणीच्या काड्यांचं त्याला करायचं काही नसतं. शेतातल्या उभ्या झाडाच्या काड्या मागा. शेडमध्ये किड्यांखाली राहिलेल्या नकोत, तिथे चुना आणि निर्जंतुकीकरणाची पावडर पडलेली असते. बोटाएवढी जाड, वीतभर लांब कापा, ब्रशने धुवा, आठ-दहा दिवस सावलीत वाळवा. ओली साठवली तर सालीखाली बुरशी धरते. ससे आधी साल सोलून खातात आणि पांढरी काडी टाकून देतात, तेवढं पुरे. घरच्या परसातल्या, फवारणी नसलेल्या पेरूच्या काड्याही चालतात.

दिरांना मात्र नाही म्हणा. द्राक्षाचं लाकूड मुळात सशाला बाधत नाही, पण तासगावच्या बागेत मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण पडतं, बुरशीनाशकं पडतात आणि ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे म्हणजे कोंब फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते धुऊन जाईल या भरवशावर राहू नये. अंगणातला एखादा बिनफवारणीचा वेल असेल तर गोष्ट वेगळी. द्राक्षाच्या रिकाम्या पेट्याही देऊ नका, पुठ्ठ्यावर चकचकीत थर असतो आणि आत द्राक्षं टिकावीत म्हणून घालतात तो ग्रेप गार्डचा कागद राहिलेला असेल तर त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. पुठ्ठा द्यायचा तर साधा तपकिरी, किराणा दुकानातला. चिकटपट्टी, पिना, लेबल काढा आणि दोन बाजूंना भोकं पाडून उपडा ठेवा. तेच बोगदा, तेच कुरतडणं. मोठाले तुकडे गिळायला लागल्या तर बंद करा.

कुंपणाची कण्हेर, हायवेच्या दुभाजकातली कण्हेर, बिट्टी, रुई, एरंड, घाणेरी यांची काडी चुकूनही नको. कण्हेर वाळली तरी तिचं विष जात नाही. सुबाभळीने केस झडतात. कुपवाड एमआयडीसीतून पॅकिंगचं लाकूड आणलं असेल तर त्यावरचा शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. पण त्यावर तेल, रसायन काय सांडलंय ते शिक्क्यावर लिहिलेलं नसतं, त्यामुळे तो नाद न केलेलाच बरा.

दुकानातल्या खेळण्यांपेक्षा बुरडाकडची बांबूची छोटी टोपली कितीतरी सरस. रंग न लावलेली, तार किंवा प्लास्टिकची पट्टी न गुंडाळलेली घ्या. कापसाचा बोळा तिच्यावरून आतून-बाहेरून फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे बांबूची कुसं उभी आहेत, ती पॉलिश पेपरने घासून काढा. टोपलीत गवत दाबून भरा आणि आत कोथिंबिरीच्या दोन काड्या लपवा. ससे ती ढकलतील, उलटी करतील, काठ तोडतील. दोन-तीन आठवड्यांत तिचा चुराडा होतो, तो व्हायलाच हवा.

तुमच्याकडच्या रंगीत खेळण्यावर ओलं पांढरं फडकं पाच मिनिटं दाबून चोळा. रंग उतरला तर कचऱ्यात. डिंकाने चिकटवलेलं किंवा घुंगरू लावलेलं असेल तर रंग न उतरताही कचऱ्यात. खनिजाची वीट परत करता आली तर करा. ससा खाण्यातलं कॅल्शियम जवळपास सगळं शोषून घेतो आणि जादाचं लघवीतून टाकतो. विटेने मूत्राशयात गाळ साचतो, दुसरा फायदा नाही. एका वेळी तीन-चार वस्तूच ठेवा आणि आठवड्याने अदलाबदल करा. सगळं एकदम दिलं की आठ दिवसांत सगळंच जुनं होतं.

उसाच्या कांड्याने ससा लगेच आजारी पडेल असं नाही, पण त्या साखरेने आतड्यातले उपयोगी जंतू मरून दुसरेच वाढतात आणि पोट फुगतं. वरच्या सालीच्या चिरफळ्या तोंडाला लागतात त्या वेगळ्याच. बेदाण्याचंही तेच. मुलीला हाताने काही भरवायचंच असेल तर कोथिंबिरीची काडी द्या.

भुसा काढल्यावर चार-पाच दिवसांत शिंका कमी व्हायला हव्यात. नाकातून घट्ट पांढरं येत असेल किंवा पुढच्या पंजांचे केस चिकटून राठ झाले असतील, तर तेवढंही थांबू नका. बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जाताना दोन गोष्टी लक्षात असू द्या: सशाला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन-पेनिसिलिन देत नाहीत, आणि कुत्र्याचं फिप्रोनिलचं गोचीड-पिसवांचं औषध सशाला विषारी आहे. गायी-म्हशी बघणाऱ्या डॉक्टरांना हे विचारायला संकोच वाटू देऊ नका. दात वाढलेले निघाले तर घरी नखकटरने किंवा पकडीने कापू नका, दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो. ते यंत्राने घासावे लागतात आणि दाढा घासायला भूल द्यावी लागते. सांगलीत सशांची सवय असलेले डॉक्टर मिळाले नाहीत, तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारा. नेताना खोक्यात जाड पेंढा अंथरा आणि दोघींना सोबतच न्या. प्रवासात उपाशी ठेवायचं नाही, आत गवत असू द्या.